विद्यापीठाने सामान्य वाचकासाठी त्रैमासिक काढावे काय? (गोव्याचा इतिहास आणि आजचे प्रश्न)

अंत्रुजकर (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी माळ्यावरच्या पेटीत मोडीतील काही कागद आहेत. त्यांतला एक शके १७७५ चा, म्हणजे इसवी सन १८५३ च्या सुमाराचा असून त्यात गावच्या खाजनातील, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतातील, मानशीच्या पावणीचा उल्लेख आहे. ज्यांनी मानस पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. झुवारी नदीच्या काठच्या आमच्या खाजनात बांधाला जिथे तोंड ठेवलेले असते, तिथे दगडी चौकटीत लाकडी दारे बसवलेली असतात. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने दारे मिटतात आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडतात. रात्रीच्या ओहोटीला दाराशी जाळे लावले की शेवटे, सुंगटे, काळुंदरे हाती लागतात. या मासळीचा हक्क पावणी करून, म्हणजे लिलाव पुकारून, वर्षभरासाठी दिला जातो. अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असते.

काही वर्षांपूर्वी गोव्याबाहेरची एक संशोधक विद्यार्थिनी आमच्याकडे आली होती. मुलगी हुशार आणि कष्टाळू होती, मोडीही बरी वाचत होती. तिने कागदाचे छायाचित्र घेतले, चहा घेतला आणि गेली. पुढे दीड वर्षाने एका परिसंवादातील निबंधांचे जाडजूड इंग्रजी पुस्तक तिने आठवणीने मला पाठवले. त्यात आमच्या कागदाला दोन पाने दिलेली होती. 'मानसीची पावणी' ही अक्षरे तिने अचूक लावली होती, पावणी म्हणजे लिलाव हेही कुठून तरी शोधून काढले होते, आणि मानसी नावाच्या एका स्त्रीचा अमुक इतक्या अश्रफ्यांना लिलाव झाला असा निष्कर्ष काढून गुलामगिरीवर एक विचारपूर्ण परिच्छेद लिहिला होता! पोर्तुगीज गोव्यात गुलामांची खरेदी-विक्री होत होती हे खरेच आहे, त्यामुळे तिचा तर्क अगदीच वाऱ्यावरचा होता असे म्हणता येत नाही. मी फोन केला तेव्हा ती बिचारी रडकुंडीला आली. दुरुस्ती छापायची तर कुठे, हा प्रश्न होता. ते पुस्तक एकदाच निघायचे होते, त्याचा पुढचा अंक नव्हता आणि वाचकांच्या पत्रांचे पान तर मुळीच नव्हते.

मी यात तिला दोष देत नाही. हाच लेख फोंड्याच्या वाचनालयात येणाऱ्या एखाद्या त्रैमासिकात मराठीत छापला असता, तर आठवड्याच्या आत संपादकांकडे पाच पोस्टकार्डे गेली असती आणि त्यांतले एखादे आमच्या मानशीवर जाळे लावणाऱ्याचे असते. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळते आहे. विद्यापीठाने सामान्य वाचकासाठी नियतकालिक काढावे असे आपण म्हणतो, तेव्हा विद्वानांनी चार शहाणपणाच्या गोष्टी खाली पोचवाव्यात असे आपल्या मनात असते. मला वाटते, अशा नियतकालिकाची गरज वाचकापेक्षा विद्वानाला अधिक आहे.

याला आपल्याकडे पूर्वपरंपरा नाही असे नव्हे. पोर्तुगीज विद्वान कुन्य रिव्हार यांनी १८६६ पासून 'ओ क्रोनिश्त द तिसुआरी' हे मासिक काही वर्षे चालवले आणि त्यात जुने दस्तऐवज छापले. १९०४ साली 'ओ ओरियेंत पोर्तुगेज' सुरू झाले. परंतु हे सारे पोर्तुगीजमध्ये होते आणि नव्या काबिजादींतील, म्हणजे पोर्तुगीजांनी अठराव्या शतकात घेतलेल्या मुलखातील, मोडी वाचणाऱ्या माणसाच्या घरी ते पोचण्याचा प्रश्नच नव्हता. पुढेही फारसे वेगळे घडले नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी जुन्या काबिजादींतील (आधी घेतलेल्या मुलखातील) गावकरींवरचा, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थांवरचा, आपला निबंध १९४७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. गोव्याच्या गावाबद्दल गोव्यातच जन्मलेल्या माणसाने लिहिलेला तो निबंध जगभरच्या इतिहासकारांनी वाचला. गावकार मात्र त्याला मुकले. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी उभा जन्म पणजीच्या दफ्तरखान्यात घालवला, पण त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा मराठी ग्रंथ १९६७ साली प्रसिद्ध केला तो पुणे विद्यापीठाने, कारण तेव्हा आपल्याला विद्यापीठच नव्हते. ते १९८५ मध्ये आले. पिसुर्लेकरांचा ग्रंथसंग्रह आता आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, म्हणजे साहित्य घरात आहे.

तेव्हा प्रश्न असा की, गोव्याचा इतिहास आणि आजचे सार्वजनिक प्रश्न यांना वाहिलेले, विद्यापीठाच्या जबाबदारीवर निघणारे आणि तरीही पंचवाडीच्या किंवा पेडण्याच्या शिक्षकाला सलग वाचता येईल असे मराठी त्रैमासिक चालेल का, आणि चालायचे असेल तर ते कसे असावे? जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे.

मोडीवाचक

धागा आवडला. मानसीबाईंची कथा मी आता प्रत्येक मोडी वर्गात सांगणार आहे, आपली हरकत नसेल तर.

लिपी येणे आणि कागद वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्द तोडून लिहीत नाहीत आणि लेखणी न उचलता ओळच्या ओळ पुढे जाते. अशा वेळी शब्द कुठे संपतो हे अक्षरावरून कळत नाही, अर्थावरून कळते; आणि अर्थ गावात असतो. आपला दफ्तरखाना १५९५ सालचा, दियोगु द कोवतु हे त्याचे पहिले रक्षक. तिथल्या कागदांत पोर्तुगीज तर आहेच, शिवाय मोडी मराठी आहे, फारसी आहे. गावकरीच्या जुन्या नोंदी पाहायच्या तर गोयकानडी या जुन्या लिपीशी गाठ पडते. या सगळ्या लिपी-भाषा एका माणसाला येणे जवळपास अशक्य आहे. म्हणून माझी एकच मागणी राहील. लेख कोणाचाही असो, ज्या कागदावर तो उभा आहे त्या कागदाचे स्वच्छ छायाचित्र, त्याखाली अक्षरशः लिप्यंतर, त्याखाली सोप्या मराठीत अर्थ आणि सर्वांत शेवटी लेखकाचा तर्क, असे चार थर वेगळे दिसले पाहिजेत. तसे केले की वाचकाला नेमके कुठे बोट ठेवायचे ते कळते. आपल्या बाबतीत पहिले दोन थर बिनचूक होते आणि तिसऱ्यात घसरण झाली. थर मिसळले की सगळाच लेख एक तर खरा मानावा लागतो किंवा खोटा.

जाता जाता : त्या कागदाचे छायाचित्र येथे लावता येईल का?

रात्रपाळी

मी गेली बावीस वर्षे दैनिकात बातम्या लावण्याचे काम करतो, त्यामुळे थोडी कडू बाजू मांडतो.

म्हादई नदीच्या पाणीवाटपाचे उदाहरण घ्या. १४ ऑगस्ट २०१८ रोजी लवादाचा निवाडा आला तेव्हा आम्ही पहिल्या पानावर आकडा लावला : कर्नाटकाला १३.४२ टीएमसी. दुसऱ्या दिवशी नाक्यानाक्यावर तोच आकडा होता आणि तो ऐकून माणसे हवालदिल झाली. यातले ८.०२ टीएमसी जलविद्युतेसाठी होते. खोऱ्याबाहेर, म्हणजे मलप्रभा नदीकडे, वळवायचे पाणी ३.९० टीएमसी होते. त्यातले कळसा नाल्याचे १.७२ आणि भांडुरा नाल्याचे २.१८. उरलेले खोऱ्यातच वापरायचे होते. गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी दिले होते. हे सारे निवाड्यात लिहिलेले आहे. परंतु रात्री साडेअकराला पान सोडायचे असताना एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हे समजावून सांगायलाही जागा नसते. वळवण्याचे ३.९० टीएमसी कमी आहेत असे मी म्हणत नाही. उन्हाळ्यात ज्या नदीत गुडघाभर पाणी उरते तिच्या दृष्टीने ते किती, हाच खरा प्रश्न आहे आणि तो आम्ही विचारलाच नाही. आम्ही फक्त मोठा आकडा छापला. तीन महिन्यांनी निघणाऱ्या नियतकालिकाला ही सवड असते आणि ती त्याची खरी मिळकत आहे.

आता कडू बाजू. विद्यापीठीय मंडळींचे लेख आमच्या रविवार पुरवणीसाठी येतात. पहिली दोन पाने 'प्रस्तुत लेखाचा हेतू' सांगण्यात जातात, तिसऱ्या पानावर एखाद्या फ्रेंच तत्त्वज्ञाची ओळख होते आणि चौथ्या पानावर गोव्याचे दर्शन घडते, तोवर माझी शब्दमर्यादा संपलेली असते. अशा लेखाला कात्री लावली की लेखक दुखावतो. तुमच्या त्रैमासिकाला विद्वान सल्लागार मंडळ सहज मिळेल. त्याला हवा आहे तो पगारी, हट्टी आणि प्राध्यापकांना न घाबरणारा संपादक. तो नसेल तर पहिला अंक थाटात निघेल, दुसरा उशिरा निघेल आणि तिसरा जोडअंक असेल.

तासिका संपल्यावर

रात्रपाळी यांचा टोला मान्य, मीही त्या चार पानांच्या अपराध्यांपैकी एक आहे. महाविद्यालयात इतिहास शिकवते. पण आम्ही असे का लिहितो, हेही नोंदवले जावे.

२०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीला प्रकाशनांचे गुण मोजले जाऊ लागले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने कोणती नियतकालिके ग्राह्य धरायची याची यादी केली; २०१९ पासून 'केअर' यादी होती, ती २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने बंद केली आणि निवड संस्थांवर सोपवली. या पंधरा वर्षांत एक सवय हाडीमासी खिळली : ज्या लेखाला गुण नाहीत तो लेख लिहायचा नाही. गावातल्या वाचनालयात मी खाजनावर तासभर बोलले, चाळीस माणसे आली, त्यांतल्या एका म्हाताऱ्या काकांनी माझे दोन गैरसमज दूर केले. माझ्या वार्षिक अहवालात त्या तासाला रकाना नव्हता. एका नियतकालिकाने तर लेख न वाचताच 'स्वीकृत' असे कळवले आणि सोबत शुल्काचा तपशील धाडला. तो लेख छापला असता तर मात्र गुण मिळाले असते.

म्हणून माझे म्हणणे असे की, त्रैमासिक विद्यापीठाचे असेल तर विद्यापीठाने त्यातल्या लेखाला संशोधनाचा दर्जा स्वतःहून द्यावा. दोन जाणकारांनी तपासणे आणि एका सामान्य माणसाने वाचून 'कळले' असे सांगणे, या दोन्ही अटी घालाव्यात. दुसरी अट अधिक कठीण आहे.

सासष्टकार

विषयाला धरूनच विचारतो, वाईट वाटून घेऊ नये. मराठीतच का? दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतल्या माझ्या शेजाऱ्यांना गावकरी, झोण (गावकरीच्या उत्पन्नातला वाटा), मुंडकार कायदा (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचा) या विषयांत अंत्रुजकरांइतकाच, कदाचित अधिक रस आहे. ते रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, कोंकणी वाचतात आणि इंग्रजी वाचतात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापराची तरतूद राहिली, तो वाद येथे उकरण्याचा माझा हेतू नाही. पण मराठी त्रैमासिक निघाले की अर्धा गोवा ते 'त्यांचे' म्हणून बाजूला ठेवील आणि मग तुमच्या पाच पोस्टकार्डांपैकी तीन येणारच नाहीत, त्याचे काय?

अंत्रुजकर (धागालेखक)

सासष्टकार, वाईट कसले, हा प्रश्न मूळ लेखात मीच घ्यायला हवा होता.

मराठी यासाठी की, अंत्रुज, डिचोली, सत्तरी, पेडणे येथे वाचनालयांतून बसणारा वाचक आजही मुख्यतः मराठी वाचतो आणि नव्या काबिजादींतले घराघरांतले कागद मराठीत आहेत. तेवढेच कारण. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला ज्यांचे नाव दिले आहे त्या केळोशीच्या कृष्णदास शामांनी सोळाव्या शतकात मराठीत लिहिले. त्याच भागातल्या माणसांच्या तोंडी कोंकणी होती आणि आहे. दोन्ही एकाच घरात नांदल्या. तेव्हा लेख मराठीत असले तरी पत्रे ज्या भाषेत आणि ज्या लिपीत येतील तशीच, अनुवाद न करता, छापावीत असे मी सुचवेन. रोमीतले पत्र रोमीतच छापावे. बोलणाऱ्याला कळते, वाचणाऱ्यालाही दोनदा वाचले की कळेल. आणि गावकरीवरचा अंक काढायचा झाला तर तो सासष्टीतल्या लेखकांवाचून काढणे हा निव्वळ अडाणीपणा ठरेल, याविषयी दुमत नाही.

बर्फातला गोंयकार

कामानिमित्त कॅनडात राहतो. इकडे ही प्रथा जुनी आहे, म्हणून दोन ओळी. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठाने १८९३ साली आणि हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठाने १९२१ साली अशी त्रैमासिके काढली, ती शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. इतिहास, राजकारण, वाङ्मय असे सगळे त्यांत एकत्र येत गेले. आपल्या प्रदेशाबद्दल आपणच, पण बाहेरच्यालाही वाचावेसे वाटेल असे लिहावे, ही त्यामागची भूमिका. मला त्यातले एवढेच घेण्यासारखे वाटते की, ती एखाद्या विभागाची जहागीर नसतात. विभागप्रमुख बदलला की अंक बंद, असे तिथे झाले नाही.

डिचोलीची

'सामान्य वाचक' हा शब्द या धाग्यात बराच वेळा आला आणि मला दर वेळी थोडा टोचला. मी बँकेत काम करते, इतिहास बारावीनंतर सुटला. पण मला काय वाचायचे आहे ते मला नेमके माहीत आहे, म्हणून लिहिते.

आमच्या वडिलांचे दोन ट्रक खनिजावर होते. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले तेव्हा एक ट्रक कर्जावरचा होता. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, या खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती. वडील तो कागद घेऊन मला विचारत होते, 'बाय, पाच वर्षे आम्ही जे वाहिले ते काय होते मग?' मला उत्तर देता आले नाही. नंतर कळले की या गुंत्याचे मूळ पोर्तुगीज काळातल्या खाणींच्या 'कोंसेसांव'मध्ये आहे. त्या काळी दिलेल्या सवलतींना कालमर्यादा नव्हती, १९८७ च्या कायद्याने त्या रद्द करून १९६१ च्या डिसेंबरपासून, म्हणजे गोवा मुक्त झाला तेव्हापासून, त्यांना खाणपट्टे ठरवले आणि तिथून नूतनीकरणाचे गणित सुरू झाले. ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरणही रद्द झाले. म्हणजे आमच्या अंगणात उभ्या राहिलेल्या ट्रकाचा इतिहास पोर्तुगीज भाषेतल्या एका कागदापर्यंत जातो. हे मला तुकड्यातुकड्यांनी, सहा-सात वर्षांत, कुठून कुठून कळत गेले. एका ठिकाणी, वीस पानांत, कालानुक्रमाने आणि कोणाची बाजू न घेता लिहिलेले मला हवे होते. खाणमालकाचे पत्रक नको होते आणि पर्यावरणवाद्यांचेही.

शिवाय एक व्यावहारिक सूचना. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ आणि तीनशे रुपये किंमत असे करू नका. आमच्या वाचनालयात असले अंक कपाटात कुलूपबंद होतात, हात लागतो तो टेबलावरच्या वर्तमानपत्रांना.

रात्रपाळी

डिचोलीची, आपला प्रतिसाद हाच पहिल्या अंकाचा पहिला लेख आहे. 'बाय, आम्ही वाहिले ते काय होते' हा मथळा मी विनाकात्री सोडीन.

तासिका संपल्यावर

अगदी खरे. आमच्या पठडीत इतिहास १९६१ च्या डिसेंबरला संपतो आणि त्यापुढचे ते 'राज्यशास्त्र' होते. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा का, यावरच्या जनमत कौलाचेच पाहा. १६ जानेवारी १९६७, फरक ३४,०२१ मतांचा, एवढे सर्वांना पाठ असते. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली होती. ती माणसे कोण होती, दुसऱ्या दिवशी ती शेजाऱ्यांशी काय बोलली, हे विचारायला आता थोडीच वर्षे हातात आहेत. त्या वेळी एकवीस वर्षांचा असलेला मतदार आज ऐंशीच्या आसपास आहे. हे काम विद्यार्थी करू शकतात, पण छापणार कोण म्हणून आम्ही विषयच देत नाही.

अंत्रुजकर (धागालेखक)

मोडीवाचक यांच्या सांगण्यावरून कागदाचे छायाचित्र वर जोडले आहे. पाचव्या ओळीत डावीकडे वाळवी लागली आहे. 'पै' असे मी आजवर वाचत आलो आणि किरकोळ नाण्याचा उल्लेख असावा असे धरून चाललो होतो.

मोडीवाचक

छायाचित्र मोठे करून पाहिले. आपल्या 'पै'बद्दल शंका आहे. १८५३ साली आपल्याकडे हिशेब अश्रफी, टांगा आणि रेईस यांत चाले. पै ब्रिटिश मुलखातली. शिवाय पुढे संख्या नाही आणि 'तील' असे काहीसे दिसते. तो शब्द 'पोय' असावा, 'पोयतील मासळी'. मानशीच्या आतल्या बाजूला पाण्याचा जो खोलगट साठा असतो त्याला आपल्याकडे पोंय म्हणतात ना? तसे असेल तर पावणी फक्त दारावरच्या जाळ्याची नव्हती, आतल्या पाण्याचीही होती आणि मग रक्कम एवढी मोठी का, तेही कळते.

अंत्रुजकर (धागालेखक)

म्हणजे त्या मुलीला फोन करणारा मीही चुकीचेच वाचत होतो! पोंयच म्हणतात. उद्या सकाळी ओहोटीच्या वेळी आमच्या मानशीवर जाऊन सध्याच्या पावणीदाराला विचारतो की, पोंयीतली मासळी आजही त्याच्याच वाट्याला येते की शेतकऱ्यांच्या. आल्यावर येथेच लिहीन.